थनाखावालीचं मलम

ब्रह्मदेशात, पखोक्कूच्या बाजारात माझं चादरींचं दुकान आहे आणि माझ्या डाव्या हाताला दॉ प्वा शिन बसतात. कुणी विचारलं, "चादरवाला को न्यो कुठे बसतो हो?" तर उत्तर मिळतं, "दॉ प्वा शिनच्या शेजारी." दॉ प्वा शिन कुठे बसतात, हे मात्र गेल्या तीस वर्षांत कुणी विचारलेलं माझ्या कानांवर नाही.

त्या थनाखाची खोडं विकतात, चंदनासारखी उगाळून तोंडाला लावायची. मनगटाएवढी, दंडाएवढी, आणि जावयाला भेट द्यायची तर मांडीएवढीसुद्धा. पुढ्यात जेवणाच्या ताटाएवढी दगडी सहाण. सकाळी बसल्या की पाणी शिंपडायचं आणि खोड उगाळायला लागायचं, ते बाजार उठेपर्यंत. थनाखा कशी उगाळली जाते हे दाखवल्याशिवाय बाई खोड घेत नाही, असं त्यांचं म्हणणं. आता ज्या गावात पोरगी चालायच्या आधी थनाखा उगाळते, तिथे दाखवायचं ते काय आणि कुणाला? पण हात थांबायचा नाही. उगाळलेला पिवळट गंध मग जो समोरून जाईल त्याच्या गालावर जायचा. विकत घ्यायला आलेल्यांच्या, नुसतं बघायला आलेल्यांच्या, आणि एकदा तर परवाना तपासायला आलेल्या नगरपालिकेच्या साहेबाच्या. साहेब दोन्ही गालांवर दोन चंद्र घेऊन पुढच्या दुकानात दरडावायला गेले, तेव्हा त्यांना कुणी दाद दिली नाही.

थनाखा कशावर चालते? दॉ प्वा शिनना विचारलंत तर कशावर चालत नाही ते सांगणं सोपं. पुटकुळ्या, घामोळं, मुंगी चावणं, ऊन लागणं हे झालंच. माझं आणि बायकोचं भांडण झालं तेव्हा त्यांनी वाटीभर गंध घरी पाठवला होता. "दोघांनी गालांना जाड लावा," म्हणाल्या, "आणि वाळेपर्यंत तोंड हलवू नका, नाहीतर भेगा पडतात." गंध वाळेपर्यंत अर्धा तास गेला, आणि भांडण कशावरून होतं ते दोघांनाही आठवेना.

समोर दॉ चो बसते. तिच्याकडे तयार थनाखा, प्लास्टिकच्या डब्यांत, झाकणावर हसऱ्या मुलीचं चित्र. दॉ प्वा शिन त्याला 'डब्यातली धूळ' म्हणतात. उलट दॉ चो त्यांच्या खोडांना 'सरपण' म्हणते आणि नावाआधीचा मानाचा 'दॉ' गाळून नुसतं 'प्वा शिन' म्हणते. मधे सहा हात रस्ता. एकोणीस वर्षं दोघींपैकी एकीनेही तो ओलांडला नव्हता.

अशा या दॉ प्वा शिनच्या हातांना इसब झाला.

आधी बोटांच्या बेचक्यांत, मग मनगटांवर, मग कोपरांच्या आतल्या वळणावर. लाल, कोरडं, भेगाळलेलं. पखोक्कूच्या उन्हाळ्यात दॉ प्वा शिन मनगटापर्यंत बाह्या घालून बसायला लागल्या, तरी मला काही कळलं नाही. कळलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. आपल्याकडे वस्तू द्यायची ती उजव्या हाताने, डावा हात उजव्या कोपराला लावून, मान देऊन. दॉ प्वा शिन तशाच द्यायच्या. पण त्यांचा डावा हात कोपराला लागला की तिथेच खाजवायला बसायचा. गिऱ्हाईक खोड घेऊन, नमस्कार करून, पार माशांच्या गल्लीत पोचलं तरी यांचं मान देणं चालूच.

"ताई, कोपराला काय झालंय?"

"काही नाही. थनाखा लावतेय."

"मग?"

"झोंबतंय. झोंबतंय म्हणजे काम करतंय."

"आणि हे किती दिवस काम करतंय?"

"पाच महिने," त्या म्हणाल्या आणि दुसरीकडे बघायला लागल्या.

डॉक्टरकडे चला म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांना समोरच्या दुकानातून डबा आणायला सांगितलंय. "को न्यो, मी आयुष्यभर लोकांना सांगत आले, कातडीचं जे काही असेल ते माझ्याकडे आणा. मीच दवाखान्याच्या बाकावर बसले, तर ही खोडं उद्या चुलीत घालावी लागतील. माझं नाव आहे म्हणून दुकान आहे. नाव गेलं तर उरतं काय? सरपणच."

शेवटी उपवासाचा दिवस ठरला. त्या दिवशी दॉ चो दिवसभर पॅगोड्यात असते. आणि आजारी मी, त्या नुसत्या सोबतीला, असंही ठरलं.

दवाखान्यात डॉक्टर यमिन नावाची तरुण मुलगी होती. मी ठरल्याप्रमाणे खोकलो. तिने माझी छाती तपासली, घसा बघितला. मी आणखी खोकलो. ती लिहिता लिहिता म्हणाली, "काका, तुम्ही ठणठणीत आहात. मावशी, तुम्ही बाह्या वर करा."

"मी सोबतीला आलेय," दॉ प्वा शिन म्हणाल्या.

"हो, पण मगापासून खाजवताय तुम्ही."

मग मात्र बाह्या वर गेल्या. डॉक्टरने हात उजेडात धरून नीट पाहिले, काय काम करता विचारलं, आणि दिवसभर ओला दगड घासता हे ऐकल्यावर मान हलवली. "खोडाचा दोष नसेलही. पाण्याचा आहे. सतत ओले राहून हातांचं कातडं फुटलंय, आणि फुटलेल्यावर तुम्ही थनाखा थापताय." मग तिने एक छोटी नळी लिहून दिली आणि स्वतःचं बोट पुढे केलं. "बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ. तेवढं दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. जिथे लाल आहे तिथेच, पातळ, दिवसातून एकदा, दोन आठवडे. मग मला दाखवायचं. तोंडाला अजिबात नाही. दुसऱ्या कुणाला नाही. दिवसभर साधं बिनवासाचं तेलकट मलम लावत राहा, पण ते आणि हे एकदम नको, मधे अर्धा तास जाऊ द्या. आणि ओलं काम मोजे घालून."

दॉ प्वा शिन प्रत्येक वाक्याला मान डोलावत होत्या. प्रवचनात डोलावतात तशी. प्रवचनाचं पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी मला पडद्यामागे बोलावलं. "को न्यो, हे बघ. लावलं." हात पुढे केला. "दिसतंय का तुला?"

"नाही."

"मग लागलं कसं म्हणायचं?"

यात त्यांची तरी काय चूक? आम्ही जे लावतो ते दिसण्यासाठी. गालावर पिवळट गोल दिसला म्हणजे बाईने तोंड धुतलंय, पोराला आई आहे, घर धड चाललंय. जे लावल्यावर नाहीसं होतं ते औषध की उसनी नेलेली छत्री? दॉ प्वा शिननी आणखी एक रेघ काढली. तीही गेली. तिसरी, चौथी गेली. दोन आठवड्यांची नळी तीन दिवसांत सपाट झाली.

नवी नळी आणायला मी गेलो. बाजारामागच्या औषधवाल्याने चिठ्ठी मागितली नाही आणि मीही दाखवली नाही. हे मी कबूल करून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात माझाही हात आहे.

नवी नळी हातात पडल्यावर दॉ प्वा शिनना युक्ती सुचली. दुकानाच्या मागच्या बाजूला त्यांची घरच्या वापराची लहान सहाण असते. त्यावर थनाखा उगाळायची, त्यात बोटभर मलम पिळायचं, आणि तो गंध हातांना थापायचा. आता औषध दिसतही होतं, टिकतही होतं, आणि खोडाशी बेइमानी केल्याचा सलही राहिला नव्हता. हात थापून झाले की सहाणेवर थोडा गंध उरायचा. उरलेला गंध धुऊन टाकायची सवय या बाईला कधीच नव्हती. तो आपोआप गालांवर जायचा. स्वतःच्या, आणि मग सबेच्या.

सबे ही त्यांची भाची, प्राथमिक शाळेत शिकवते. रोज सकाळी शाळेला जाताना मावशीपुढे गाल करायचा आणि पुढे जायचं, हा तिचा लहानपणापासूनचा रस्ता. तिच्या गालांवर चारदोन पुटकुळ्या होत्या. आठ दिवसांत त्या गेल्या. पंधरा दिवसांत चेहरा असा झाला, की शाळेच्या मुख्याध्यापकांनी तिला दोनदा बोलावून काहीच काम सांगितलं नाही.

बाजाराला डोळे असतात. "सबे, कुठलं खोड गं?" बायका विचारायच्या. सबे बिचारी खरं सांगायची, "मावशीच्या मागच्या सहाणेवरचं." मग बायका दुकानाशी यायच्या. दॉ प्वा शिनही खोटं बोलल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "जुनं खोड आहे." खोड जुनं होतंच. मागणाऱ्यांना बोटभर लावू लागल्या, मग पानात बांधून देऊ लागल्या. पुढ्यातली खोडं इतकी खपली की शिनमाडाउंगच्या डोंगरातून दोनदा गाडी मागवावी लागली. समोर दॉ चोच्या डब्यांवरची मुलगी एकटीच हसत बसायची.

मी नळ्या आणत होतो. सातवी आणताना औषधवाल्याने विचारलं, "काका, घरात नक्की कितीजणांना इसब आहे?"

"मोठं कुटुंब आहे," मी म्हटलं.

पावसाळा संपत आला आणि सबेच्या तोंडाभोवती लाल पुरळ उठलं. एखाद्या दिवशी गंध चुकला की गाल चरचरायचे. शाळेतली पोरं विचारायला लागली, "बाई, तुम्हाला कुणी मारलं?" मावशीने ऊन म्हटलं आणि थर वाढवला. पुरळही वाढलं. एका सकाळी सबे आली ती गाल पुढे न करताच उभी राहिली. समोरून दॉ चोने साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, "काय गं सबे, सरपण लागलं वाटतं?"

दॉ प्वा शिन खाली बघून उगाळत राहिल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा दॉ चोच्या बोलण्याला उत्तर गेलं नाही. त्यामुळे दॉ चोही जरा घाबरली असावी.

सबे शाळा सुटल्यावर स्वतःच डॉक्टर यमिनकडे गेली. तोंडाला काय लावतेस, या प्रश्नाला तिने उत्तर दिलं, "मावशीची थनाखा फक्त." मावशी कोण, हे कळल्यावर डॉक्टरने तिला सांगितलं. मावशीला घेऊन ये, आणि सहाणही घेऊन ये.

मागची सहाण मी नेसायच्या लोंजीत गुंडाळून नेली. डॉक्टरने वाळलेला गंध नखाने खरवडला.

"मावशी, यात थनाखा आहे. आणखी काय आहे?"

दॉ प्वा शिननी माझ्याकडे पाहिलं. मी खोकलो. या वेळी खोकला खरोखरच आला होता.

"नळीतलं," त्या म्हणाल्या. "थोडं."

"सात नळ्या," मी म्हटलं. कुणीतरी सांगायला हवं होतं.

सबे मावशीकडे बघतच राहिली. डॉक्टर रागावली नाही, आणि त्यानेच जास्त अवघड झालं. तिने समजावलं. हे मलम हातांच्या जाड कातडीसाठी होतं. तोंडाची कातडी नाजूक. तिथे आधी सगळं छान दिसतं, सूज जाते, पुटकुळ्या दबतात. मग कातडीला त्याची सवय होते, ती पातळ होते, आणि असं पुरळ येतं. आता तोंडाला काही लावायचं नाही. थांबवल्यावर काही दिवस आणखी लाल होईल, घाबरून परत लावायचं नाही, मी देते तेवढंच घ्यायचं. काही आठवडे लागतील, पण बरं होईल.

"आणि तुमचे हात?"

हात होते तसेच होते. उलट जास्त भेगाळलेले.

"सात नळ्या संपवल्यात," डॉक्टर म्हणाली, "आणि तुमच्या हातांना औषध अजून धड लागलेलंच नाही. पाण्यात कालवलंत, वर थनाखा थापलीत, खाली भेगा तशाच."

"मग फेकून देते ती नळी. पुन्हा हात लावणार नाही."

"नळीने काय केलंय? ती नीटच आहे." डॉक्टरने त्यांच्या बोटाच्या टोकापासून पेरापर्यंत एक रेघ काढली आणि तिथेच, समोर, लाल जागेवर चोळायला लावली. दॉ प्वा शिन मलम नाहीसं होताना बघत होत्या. नातेवाईक गाडीत बसून जाताना बघतात तशा.

मग डॉक्टरने तो प्रश्न विचारला. "आणखी कुणाकुणाला दिलंत?"

दॉ प्वा शिन बोटांवर मोजू लागल्या. एक हात संपला, दुसरा संपला, पुन्हा पहिल्यावर आल्या. "चौदा."

"त्यांना सांगावं लागेल. नाहीतर त्या बाहेरून आणून लावत राहतील, किंवा एकदम सोडून घाबरतील. माझ्याकडे पाठवा."

"मी सांगितलं तर माझं नाव जाईल, डॉक्टरबाई."

"हो, जाऊ शकतं," डॉक्टर म्हणाली. मला ती मुलगी तेव्हाच आवडली.

पुढचे दोन दिवस सहाण कोरडी राहिली. तीस वर्षं माझ्या डाव्या कानात तो घासण्याचा आवाज होता. तो थांबल्यावर मला माझ्याच गिऱ्हाइकांचं बोलणं नको इतकं स्पष्ट ऐकू येऊ लागलं. दॉ प्वा शिन बसून होत्या. एक बाई मागच्या सहाणेवरचं मागायला आली, तिला म्हणाल्या, "आज नाही." दुसरी आली. "आज नाही." संध्याकाळी मला म्हणाल्या, "को न्यो, आणखी किती दिवस 'आज नाही' म्हणता येईल?"

"दॉ चो डबे स्वस्त करेपर्यंत," मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी बाजार भरात असताना त्या उठल्या. केसांतला कंगवा नीट खोचला, लोंजी झटकली, आणि रस्ता ओलांडून सरळ दॉ चोच्या दुकानात गेल्या. माशाच्या रश्शातल्या शेवया, मोहिंगा, विकणारीच्या हातातली पळी पातेल्यावरच थांबली.

"ताई," मी मागोमाग धावत म्हटलं, "चौदाजणींत ही नाही."

"ठाऊक आहे. पण हिला सांगितलं की दुपारपर्यंत सगळ्या बाजाराला कळतं. चौदा घरं हिंडायचं त्राण नाही माझ्या पायांत."

आणि त्यांनी सांगितलं. उभ्या उभ्या, सगळं. इसब, दवाखाना, नळी, मागची सहाण. 'जुनं खोड' म्हणाल्या होत्या ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं, हेसुद्धा. "माझ्या खोडाचा दोष नाही. माझा आहे. ज्यांनी माझ्याकडून नेलं त्यांनी ते लावू नये आणि डॉक्टर यमिनकडे जावं. हे तू सगळ्यांना सांग. तू सांगितलंस की लोक विश्वास ठेवतील, कारण तू माझ्याबद्दल कधी चांगलं बोलत नाहीस."

दॉ चोने हातातला डबा खाली ठेवला. मग तिने खांद्यावरच्या टॉवेलने गालांवरची थनाखा पुसली. खाली तोंडाभोवती लाल पुरळ होतं. सबेसारखंच.

"माझी सून न्यायची तुझ्याकडून," ती म्हणाली. "बहिणीसाठी हवंय म्हणून."

"ती चष्मेवाली? रोज दोन पुड्या?"

"एक माझी, एक तिची."

"म्हणजे पंधरा," दॉ प्वा शिन म्हणाल्या.

दुपारपर्यंत नाही, तासाभरात कळलं. संध्याकाळी दवाखान्यात बायकांची रांग दारातून रस्त्यावर आली होती. पहिल्या दोघी, दॉ प्वा शिन आणि दॉ चो, एकाच बाकावर, एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या. काहीजणी दॉ प्वा शिनना दिसेल असं तोंड फिरवून गेल्या. एकीने खोड परत आणून आदळलं, दॉ प्वा शिननी ते मुकाट्याने ठेवून घेतलं. पुढचे तीन आठवडे दुकानाशी गिऱ्हाईक फिरकलं नाही. त्या रोज वेळेवर यायच्या, हातांना रेघ चोळायच्या, अर्ध्या तासाने तेलकट मलम लावायच्या, सुती मोज्यांवर रबरी मोजे चढवायच्या आणि कुणीही न मागता उगाळत बसायच्या. हात सुधारत होते. डॉक्टरने आता रोजचं मलम बंद करून आठवड्यातून दोनदाच लावायला सांगितलं होतं. सबेचा चेहराही निवळत होता, आणि ती पुन्हा मावशीकडे येऊन बसत होती, फक्त गाल जरा लांब ठेवून.

दुकान मात्र रिकामंच. एकदा म्हणाल्या, "को न्यो, हात बरे झाले आणि करायला काम नाही. माझी जागा तू घे. चादरींना होईल."

मी चादरींच्या घड्या घालत राहिलो.

त्याच आठवड्यात येसाज्यो गावाकडची एक बाई मुलीला घेऊन दॉ चोच्या दुकानात आली. नव्या नवरीसाठी थनाखा हवी होती, चांगली, तोंडाला बाधणार नाही अशी. दॉ चोने दोन डबे पुढे केले. मग मागे घेतले. मुलीच्या तोंडाकडे पाहिलं, आपल्या गालाला हात लावला, आणि मान वळवून आमच्याकडे बोट केलं.

"समोर जा. प्वा शिनकडे."

"पण लोक म्हणतात की ती—"

"लोक काय म्हणतात ते मीच सांगितलंय लोकांना," दॉ चो म्हणाली. "त्या बाईच्या खोडात लाकूड आहे, आणि त्यात कधी दुसरं काही घातलं तर ती सांगते. माझ्या या डब्यात काय आहे ते कंपनीला ठाऊक."

दॉ प्वा शिननी हे ऐकलंच नाही असं दाखवलं. रबरी मोज्यातल्या हाताने त्या इतक्या जोरात उगाळत होत्या, की पाणी माझ्या चादरींवर उडत होतं.